चौथ्याचा वाटा

१

आधीच सांगून ठेवतो, मी चिडका नाही. काटेकोर आहे. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. केसाएवढा फरक दिसला तरी पार्ट बाजूला काढायचा, हेच माझं काम. घरी आल्यावर ती नजर खुंटीला टांगता येत नाही, त्याला मी काय करू?

हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानात आठवडाभर पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडायचं, हे माझं डिप्लोमाला असल्यापासूनचं वेड. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी कुणीतरी पाय मागं घ्यायचं. यंदा मात्र मी मनावर घेतलं. वनखात्याचं परमिट काढलं, रेल्वेची तिकिटं काढली. मुक्काम कुठं, पाणी कुठं, ओढा सकाळीच का ओलांडायचा, सगळं बसून ठरवलं. चौघं जाणार होतो. मी, माझी बायको श्रेया, डिप्लोमापासूनचा माझा दोस्त ऋतुराज, आणि गुलमंडीत बॅगांचं दुकान असलेला करीम. सगळ्यांच्या सॅक करीमनंच ज्याच्या त्याच्या पाठीच्या मापानं बेतून दिल्या होत्या.

दर रविवारी सकाळी सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बैठक बसायची. हॉलमध्ये सतरंजी अंथरायची, तंबू, स्टोव्ह, दोऱ्या, औषधं, शिधा असं सगळं मांडायचं आणि त्याचे चार वाटे करायचे. काट्याला अडकवून प्रत्येक वाट्याचं वजन मीच करायचो. ऋतुराज पक्का कामचुकार, जड डबे गुपचूप दुसऱ्याच्या वाट्यात सरकवायचा. मग मी ओरडायचो. श्रेया म्हणायची, "अहो, कंपनी आहे का ही?" आणि कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आई हसायची. माझी आई, आवडाबाई. पैठणकडची आहे, तिचं सगळंच हसण्यावारी.

खरं सांगतो, त्या रविवारांइतका सुखात मी कधीच नव्हतो. ही माझी माणसं, असं मला वाटायचं. डोंगर दिसला नसता तरी चाललं असतं, ही माणसं बरोबर हवी होती.

२

एका रविवारी मला ऐनवेळी ड्यूटी लागली. नेमकं त्याच दिवशी भरलेल्या सॅक घेऊन दौलताबादचा किल्ला चढायचं ठरलं होतं. "तुम्ही जा, सराव चुकवू नका," असं मीच म्हटलं.

आमच्या आईची एक रीत आहे. तिघांनी मिळून कामाला निघायचं नाही. निघावंच लागलं तर एक दगड बरोबर घ्यायचा, तो चौथा. आपण खाऊ तेव्हा घासभर त्याच्यापुढं ठेवायचं, पण त्याच्याशी बोलायचं नाही. परत येताना त्याला गावाच्या शिवेवर ठेवायचं आणि मागं वळून न बघता घरी यायचं. लहानपणी मामाकडं जाताना मीच किती दगड असे शिवेवर ठेवलेत. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं, चप्पल उंबऱ्याबाहेर काढावी इतकी साधी गोष्ट. त्या सकाळी आईनं शेजारच्या बांधकामावरून मुठीएवढा काळा दगड आणला, नळाखाली धुतला आणि श्रेयाच्या हातात दिला. "आज शिवराज नाय ना, मग ह्यो त्याच्या जागी," म्हणाली. हे मी शूज घालताना कानांनी ऐकलं आणि हसत ड्यूटीला गेलो.

संध्याकाळी आलो तर तिघं हॉलमध्ये पाय पसरून खिदळत बसले होते. दगड खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलेला.

"हा इथं कसा काय?"

"अरे, शीवच सापडली नाय," ऋतुराज म्हणाला. "किल्ला उतरल्यापासून घरंच घरं, दुकानंच दुकानं. गाव कुठं संपलं अन् शहर कुठं लागलं, काय कळंना. आलो घेऊन तसाच."

"मग टाकायचा कुठं तरी रस्त्याच्या कडेला."

"असं कुठं बी टाकतेत का?" आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता. आलाय घरला तर ऱ्हाऊ दे."

"लेकिन मजा लई आली भाई," करीम मांडीवर थाप मारत म्हणाला. "एकदम सुकून. कोई चिल्लाया नै."

तिघं हसले, आई हसली. मीही हसलो. मनातून मात्र वाईट वाटलं. एवढी धडपड मी करायची आणि सुकून माझ्या माघारी.

३

पुढच्या रविवारी मी शिधा वाटत होतो. चार वाटे केले, वजनं केली आणि फोन आला म्हणून गॅलरीत गेलो. परत येऊन बघतो तर प्रत्येक जण आपापल्या वाट्यामागं बसलेला. ऋतुराज, करीम, श्रेया. आणि माझ्या वाट्यामागं, माझ्या जागेवर, दगड.

"वा रे वा," मी म्हटलं. "थट्टा छान आहे." दगड उचलून कट्ट्यावर ठेवला आणि बसलो. थट्टा केली म्हणजे कुणीतरी हसायला पाहिजे ना? कुणी हसलं नाही. ऋतुराज तांदळाच्या पिशवीची गाठ सोडत राहिला, करीम पट्ट्याची शिवण बघत राहिला.

तेवढ्यात आईनं चहा आणला. ट्रेमध्ये चार कप. एक ऋतुराजला, एक करीमला, एक श्रेयाला. चौथा कप तिनं कट्ट्यावर दगडापुढं ठेवला आणि मोकळा ट्रे घेऊन वळली.

"आई, माझा?"

ती थांबली. पत्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाकडं बघावं तशी माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अगं बाई, इसरलेच की," आणि आत गेली.

आता यात काय होतं? आईचं वय झालंय. रीत घासभराची, तिनं कपभर ठेवला. मी स्वतःची समजूत घातली आणि म्हटलं, दुसरा चहा कशाला, हाच पिऊ. कप उचलला. रिकामा होता. तळाशी चहाची भुकटी आणि कडेला ओठ टेकल्याचा ओला डाग.

"कुणी प्यायला हा?"

"आपनेच तो पिया, भाई," करीम म्हणाला. साध्या आवाजात, अगदी खरं सांगावं तसं. श्रेयानं मान हलवली. मी जिभेनं टाळू चाचपून बघितला. चहाची चवसुद्धा नव्हती.

४

मग शूजचं झालं. ट्रेकसाठी मी नवे शूज घेतले होते आणि ते भलतेच कडक होते. एका संध्याकाळी घालायला काढले तर मऊ झालेले. पुढं चवड्यापाशी घड्या पडलेल्या, तळाला काळी माती. माझी चाल आतल्या बाजूला झुकते, माझे सगळे जोडे आतून झिजतात. हे बाहेरून झिजले होते. सॅक बघितली. कमरेचा पट्टा मी नेमका एका खुणेवर आवळून ठेवला होता, तो आता माझ्या कमरेवरून घसरत होता. करीमला फोन केला तर म्हणाला, "भाई, मापानंच शिवलाय. परसोंच तो आप दुकानपे आके पहनके देखे." परवा मी दिवसभर कंपनीत होतो.

मी तर्क करणारा माणूस आहे. म्हटलं, हे तिघं मिळून दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन चाललेत. मला वगळायचंय. माझ्या ओरडण्याला कंटाळलेत आणि तोंडावर सांगायची छाती नाही. असंच असणार. दुसरं काय असणार?

त्या रविवारी मी बाथरूममध्ये हातपाय धूत होतो. सगळे स्वयंपाकघरात होते, भडंग चालला होता. ऋतुराजचा आवाज येत होता, करीमचा, श्रेयाचा, मधूनच आईचा. आणि आणखी एक आवाज. खालच्या पट्टीतला, फार न बोलणारा. तो बोलायला लागला की बाकीचे गप्प व्हायचे, आणि मग सगळे हसायचे. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी नळ बंद केला. श्रेया म्हणत होती, "तुम्ही असेच राहा बरं का." तिच्या त्या आवाजात केवढी माया होती.

ओल्या पायांनी धावत गेलो. चौघंच होते. आई कांदा चिरत होती. दगड ओट्यावर, पाण्याच्या माठाशेजारी, नुकताच धुतलेला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मी नको असेन तर तोंडावर सांगा! हे असले चाळे कशाला? आत्ता तिकीट रद्द करतो!"

"येडा झाला का?" ऋतुराज म्हणाला. "तुझ्याशिवाय कसला ट्रेक?"

"अल्ला कसम, भाई. आप नै तो कुछ नै."

श्रेयानं माझं मनगट धरलं. "अहो, असं काय करता? तुम्ही येणारच. चौघंच जायचंय आपल्याला."

माझे डोळे भरून आले, काय सांगू! कसला संशय घेत होतो मी या माणसांवर. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र आठवलं, की हे सगळं बोलताना तिघांतला एकही माझ्याकडं बघत नव्हता.

५

ठरवलं, या दगडाचाच निकाल लावायचा. अर्धवट राहिलेलं काम मला सहन होत नाही. रीत आहे ना, मग ती पुरी करू.

"कशाला पण?" आई कळवळून म्हणाली. "काय खातोय का तो तुझं?"

मी ऐकलं नाही. दगड पिशवीत घातला, ऋतुराजला मुद्दाम मागं बसवलं आणि बाईक पैठण रस्त्याला काढली. गोदामं संपली, शेड संपले, मंगल कार्यालयं संपली आणि पहिलं उसाचं शेत लागलं. बांधाच्या टोकाला लिंबाखाली म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. लहानपणी मामाच्या बैलगाडीतून येताना आम्ही तिथंच उतरून पाया पडायचो.

"बघ, याला शीव म्हणतात," मी ऋतुराजला म्हटलं. "नीट बघून ठेव. हे शेत, हा लिंब, हा म्हसोबा. पुन्हा सापडली नाही म्हणायचं नाही."

"बघितलं," तो म्हणाला. "आता नाय इसरणार."

मी दगड म्हसोबापाशी ठेवला. ठेवताना राहवलं नाही, म्हटलं, "बस आता इथं, हरामखोरा. लई मजा मारलीस माझ्या जिवावर." बाईकपाशी गेलो आणि तरी राग निवला नव्हता म्हणून एकदा मागं वळून बघितलं. गवत दबलेलं दिसत होतं. दगड दिसला नाही. म्हटलं, गवतात बसला असेल. ऊस हलत होता. वारं नव्हतं, पण उसाचं काय, एखादं जनावर शिरलं तरी हलतो.

परत येताना गाडी ओढत नव्हती. चढ नाही, काही नाही, तरी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. माझ्या मागं ऋतुराज अवघडून बसला होता. रेल्वे स्टेशनच्या पुलावर तो म्हणाला, "सरक की जरा फुडं. मागं जागा नाय."

"दोघंच तर आहोत, किती जागा पाहिजे तुला?"

माझ्या पाठीला काहीतरी गार लागलं होतं आणि घरी पोचेपर्यंत ते लागूनच राहिलं. आरशात बघायचं धाडस मला झालं नाही. मी, जो रोज शेकडो पार्ट डोळ्यांपुढं धरून बघतो.

आईनं दार उघडलं. तिचा चेहरा दिवसभर रडून सुजला होता, तो एकदम उजळला. "आलात का समदे?" म्हणाली.

६

निघायचा दिवस. गाडी दुपारची होती. खाली रिक्षा येऊन उभी होती. चारही सॅक हॉलमध्ये भिंतीला ओळीनं टेकवलेल्या. माझ्या मनात एकच गोष्ट होती: एकदा गाडी सुटू दे. एकदा डोंगरात पोचलो की हे सगळं मागं राहील. तंबूत चौघं कोंबून बसू, ऋतुराज घोरेल, करीम गाणी म्हणेल, मी ओरडेन, श्रेया हसेल.

आई दह्याची वाटी घेऊन दारात उभी राहिली. लांबच्या प्रवासाला निघताना ती प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दही घालते. सुखरूप परत यावं म्हणून.

"थांबा, मी गॅस बघून येतो," मी म्हटलं. घरातून निघताना गॅस, नळ, बटणं मीच तपासतो, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. रेग्युलेटर बघितला, मोटरचं बटण बघितलं, मागची खिडकी लावली. बाहेरून आईचा आवाज येत होता. "श्रेया, घे गं. ऋतुराज, तू घे. करीम, बाळा, तू बी घे." मग तिचा आवाज, लहानपणी माझा ताप उतरल्यावर यायचा तसा. "आन् हे तुला, राजा."

हॉलमध्ये आलो. भिंतीला एकही सॅक नव्हती. जिन्यावरून पावलं उतरत होती. करीमची चप्पल मला कळते, श्रेयाची चाल मला कळते, ऋतुराज पाय घासत चालतो. आणखी एक जोडी होती. जड, संथ, बाहेरच्या बाजूला झुकणारी.

"आई, माझं दही?"

तिनं वाटीवर झाकण ठेवलं आणि माझ्या बाजूनं गॅलरीत गेली. मी तिच्या मागं धावलो.

खाली रिक्षात श्रेया बसलेली. करीम सॅक मागं कोंबत होता. ऋतुराज पुढं, ड्रायव्हरशेजारी. आणि एक जण पाठमोरा, माझी टोपी, माझं जॅकेट, खांद्याला रुंद, रिक्षात चढायच्या बेतात. श्रेया जागा करत म्हणाली, "अहो, बसा ना लवकर." तिचा हात त्याच्या पाठीवर होता.

"शिवराज!" माझ्या कानाशी आईनं हाक मारली. "सांभाळून रे, बाळा!"

खालचा थांबला. त्यानं वर बघितलं नाही. नुसता हात उचलला. तळहात उन्हात धरला होता आणि त्यावर दही होतं.

"आई, मी इथं आहे! अगं, मी इथं आहे!"

रिक्षा सुटली. आई वळली आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मी तिला दिसत होतो. सगळा वेळ दिसत होतो. तेवढं मला कळलं.

"गप ऱ्हा रे आता," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "लई बोललास आजपोतर. त्यो कुणाला घालूनपाडून बोलत नाय. पोरीला किती दिसांनी हसताना बघितलं मी."

"अगं, मी तुझा मुलगा आहे!"

तिचे ओठ हलले, पण तिनं पदर तोंडाशी धरला आणि आत निघून गेली. जाता जाता स्वतःशीच म्हणाली, "बोलू नाय त्याच्याशी. मीच इसरले."

आता मी खिडकीच्या कट्ट्यावर बसून असतो. ऊन छान येतं इथं. मी बोलत असतो, दिवसभर बोलत असतो. कपाटावरची धूळ, नळाची गळती, सगळं सांगत असतो. जेवायच्या वेळी आई माझ्यापुढं घासभर ठेवते आणि काही न बोलता भांडी आवरायला जाते.

ट्रेक व्यवस्थित चालला असणार. बेत माझा आहे, त्यात चूक निघणार नाही. आठवड्यानं ते परत येतील, खिदळत. मग श्रेया मला नळाखाली धुवून पिशवीत घालेल आणि ऋतुराज बाईक काढेल. त्यांना शोधावं लागणार नाही. पहिलं उसाचं शेत, बांधावरचा लिंब आणि म्हसोबा. शीव कुठं आहे, ते मीच त्यांना नीट दाखवून ठेवलंय.